देवस्थानचा ईमेल कोणाच्या नावावर?

ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर गोव्यात फोंड्याकडे विजा कशा कडाडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. २०२३ च्या अशाच एका संध्याकाळी आमच्या कुलदेवतेच्या देवस्थान कार्यालयातला संगणक गेला. वीज थेट पडली नव्हती, पण तारेतून आलेल्या एका झटक्यात संगणक आणि मोडेम दोन्ही जळाले. जत्रा जेमतेम दीड महिन्यावर होती. अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतल्या, खोल्यांची मागणी, अभिषेक-लघुरुद्राची नावे, मुंबई, बेळगाव, कारवारच्या कुळावी मंडळींच्या, म्हणजे ही कुलदेवता असलेल्या घराण्यांच्या, चौकशा, हे सगळे ईमेलवरच चालते.

मी फोंड्यात संगणकाचे वर्ग घेतो आणि या देवस्थानचा महाजन, म्हणजे वंशपरंपरागत सभासदही आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच चिटणीसांचा फोन आला. "भाई, सगळे गेले हो. बारा-चौदा वर्षांचे मेल त्यात होते."

मी त्यांना धीर दिला. मेल त्या संगणकात नव्हतेच. खाते एका मोठ्या मोफत सेवेवरचे, ब्राउझरमधून उघडायचे. पत्रे त्या कंपनीच्या सर्व्हरवर सुरक्षित होती. दुपारी मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो, पान उघडले, पत्ता टाकला. त्याने पासवर्ड विचारला. कार्यालयात आम्ही पाच जण होतो. पासवर्ड एकालाही माहीत नव्हता.

पुढचे अकरा दिवस काय झाले, ते सविस्तर लिहितो आहे, कारण गावोगावी देवस्थाने, नाट्यमंडळे, भजनी मंडळे, सहकारी सोसायट्या याच पद्धतीने चालतात आणि त्यांच्यावरही ही वेळ येऊ शकते. देवस्थानचे नाव मुद्दाम देत नाही.

त्याआधीचे नुकसान

हा काही आमचा पहिला फटका नव्हता. कार्यालयात पहिला संगणक २००३ साली आला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लावायचे, मिनिटामिनिटाचा हिशेब. म्हणून मेलचा प्रोग्रॅम पत्रे उतरवून घ्यायचा, लाइन तोडायची आणि मग सावकाश वाचायचे. या पद्धतीला पॉप म्हणतात. नेहमीच्या मांडणीत पत्र एकदा तुमच्या संगणकावर उतरले की सर्व्हरवरून पुसले जाते. टपालपेटीतून पत्र काढून घरी नेले की पेटी रिकामी होते, तसे.

त्यात एक समाधान होते. आपली पत्रे आपल्या घरात, लाइन नसली तरी वाचता येणारी, कोणा कंपनीच्या दयेवर नसलेली. २००८ च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क बसली आणि हे समाधान संपले. जीर्णोद्धाराच्या वेळचा सगळा पत्रव्यवहार, देणगीदारांची यादी, वास्तुविशारदाने पाठवलेली रेखाटने, सगळे त्या डिस्कवर होते. प्रत कुठेच नव्हती. पणजीला नेऊन दाखवले, काही हाती लागले नाही.

त्यानंतर २००९ मध्ये तेव्हाच्या चिटणीसांनी वेबवरचे खाते उघडले, ते या अनुभवातून शहाणे होऊनच. हे मी आवर्जून सांगतो. त्यांनी चूक केली असे आज म्हणणे सोपे आहे, पण त्यांनी एका खऱ्या दुखण्यावर खरे औषध आणले होते.

ते औषध तोवर बरेच रुळलेलेही होते. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल ४ जुलै १९९६ ला सुरू झाले आणि ब्राउझर असलेल्या कुठल्याही संगणकावरून आपले पत्र वाचता येते, हे लोकांनी पहिल्यांदा अनुभवले. जागा मात्र चिंचोळी. २००४ च्या सुरुवातीला हॉटमेल दोन एमबी द्यायचे, याहू चार. १ एप्रिल २००४ ला गुगलने जीमेल आणले आणि एक जीबी देऊ केले, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. तेव्हापासून पत्र पुसायची सवयच मोडली. आमच्या कार्यालयातही कोणी कधी काही पुसले नव्हते. त्याचा परिणाम पुढे दिसला.

अकरा दिवस

खाते उघडणारे चिटणीस कामाचा माणूस. संगणकाची आवड असलेले, कोणाचेही पत्र अनुत्तरित न ठेवणारे. खाते उघडताना त्यांनी नावाच्या जागी स्वतःचे नाव घातले आणि पासवर्ड विसरल्यास कोड येण्यासाठी स्वतःचा मोबाइल नंबर दिला. दुसरा कोणाचा देणार? २०१६ मध्ये नवा संगणक आला तेव्हा त्यांनीच पासवर्ड घातला आणि ब्राउझरने तो लक्षात ठेवला. समित्या बदलल्या. आमच्याकडे दर तीन वर्षांनी निवडणूक होते. प्रत्येक नव्या चिटणीसाला कार्यालयाची किल्ली मिळाली, शिक्का मिळाला, आणि संगणक सुरू केला की मेल आपोआप उघडा मिळाला. पासवर्ड मागून घ्यावा असे कोणाला सुचलेच नाही, कारण तो कधी लागलाच नाही.

२०२० मध्ये ते वारले. घरच्यांनी काही महिन्यांनी त्यांचा मोबाइल बंद केला.

आता पासवर्ड विसरल्याचे बटण दाबले की सेवा विचारत होती: अमुक दोन आकड्यांनी संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवू का? आम्ही घाईत तीनदा हो म्हटले. नंतर तो नंबर फिरवून पाहिला तर वाळपईच्या बाजूच्या एका तरुणाने उचलला. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देतात. त्याला तो वर्षभरापूर्वी मिळाला होता. आमचे तिन्ही कोड त्याच्या फोनवर आले होते.

अध्यक्षांनी त्याला देवस्थानचे नाव सांगितले, अडचण सांगितली, कोड मागितला. तो नम्रपणे म्हणाला, "काका, रागावू नका, पण ओटीपी कोणाला सांगायचा नसतो. तुम्ही खरे कोण हे मला कसे कळणार?" फोन ठेवल्यावर कार्यालयात थोडी नाराजी उमटली. मला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले. आपण दर आठवड्याला वडीलधाऱ्यांना जे बजावतो, तेच त्याने आम्हाला ऐकवले. आणि एक गोष्ट लख्ख दिसली: त्याच्याजागी कोणी वाईट वृत्तीचा असता तर आमचे खाते त्याला उघडता आले असते आणि आम्हाला नाही. महाजनांची यादी, देणगीदारांचे पत्ते, बँकेची पत्रे, सगळे त्याच्या हाती.

मोफत सेवेत फोन करून बोलता येईल असा माणूस नसतो. अर्ज भरायचा, यंत्र तपासते, "हे खाते तुमचेच आहे याची खात्री पटली नाही" असे उत्तर येते. आम्ही देवस्थानच्या लेटरहेडवर पत्र लिहिले, शिक्का मारला, स्कॅन केले, पण ते पाठवायचे कुठे? सेवेच्या दृष्टीने खाते एका व्यक्तीचे होते. देवस्थान नावाची संस्था तिला माहीतच नव्हती. हा तोटा मला सगळ्यांत मोठा वाटतो. जागा भरणे, जाहिराती दिसणे यांवर उपाय आहेत. खाते कोणाच्या नावावर, हे पहिल्या दिवशी चुकले की नंतर पटवून देणे फार कठीण.

नवव्या दिवशी सुटका झाली, तीही नशिबाने. दिवंगत चिटणीसांची मुलगी मडगावला असते. तिला सहज विचारले, बाबांचे जुने काही यंत्र आहे का? त्यांचा टॅबलेट नातीकडे होता, चित्रे काढायला. त्यावर हे खाते अजून उघडे होते. आम्ही इकडून पुन्हा प्रयत्न केला, टॅबलेटवर "हे तुम्हीच आहात का?" असा प्रश्न उमटला, तिने हो दाबले. नवा पासवर्ड घालता आला. नवा नंबर जोडल्यावरही सेवेने आणखी दोन दिवस काही बदल करू दिले नाहीत. ते योग्यच, चोरालाही असेच थांबवतात.

अकराव्या दिवशी दीडशेच्या आसपास न वाचलेली पत्रे समोर होती. एक बेळगावच्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या मुलाचे. आईला जत्रेला आणतोय, चाकाची खुर्ची चालेल अशी तळमजल्यावरची खोली मिळेल का? त्याने तीनदा लिहिले होते. तिसऱ्या पत्रात नुसते एवढेच: "उत्तर नाही, म्हणून या वर्षी रहित करतो." चिटणीसांनी लगेच फोन केला आणि खोली दिली. आजी आल्या. पण फोन नंबर पत्रात नसता तर?

आत शिरल्यावर काय दिसले

जागा जवळजवळ भरत आली होती. मोठ्या सेवांमध्ये जागा पत्रांना वेगळी आणि फोटोंना वेगळी अशी नसते. गुगलच्या मोफत खात्यात २०१३ पासून १५ जीबी आहेत, ते मेल, फाइली आणि फोटो मिळून. आमच्या सेवेतही जागा अशीच सामाईक होती. कोणीतरी कार्यालयाचा फोन याच खात्याला जोडला होता आणि पालखीचे, रथाचे, महाप्रसादाच्या पंगतींचे व्हिडिओ तिथे साठत होते. आणखी एक जत्रा झाली असती तर जागा संपली असती, आणि जागा संपल्यावर नवी पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातात. म्हणजे विजेचा तो झटका बसला नसता तरी काही महिन्यांनी आम्ही अडकणारच होतो.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. खोली हवी असणाऱ्यांकडून आम्ही ओळखपत्राची प्रत मेलने मागवत होतो. शेकडो लोकांची आधार कार्डे त्या खात्यात वर्षानुवर्षे पडून होती. ज्या खात्याचा कोड परक्याच्या फोनवर जात होता, त्या खात्यात! याहूच्या २०१३ च्या चोरीत तीनशे कोटी, म्हणजे त्यांच्याकडची सगळीच्या सगळी खाती उघडी पडली होती, हे नंतर जाहीर झाले. तेव्हा मोठी कंपनी म्हणजे अभेद्य कुलूप, असे धरून चालता येत नाही. मात्र न्यायाने हेही सांगायला हवे, की आमच्या कार्यालयातल्या संगणकापेक्षा त्यांचे कुलूप हजारपटीने बळकट आहे. टपाल चाळून रोज हजारो फसवी पत्रे बाजूला काढणे, विषाणू असलेली फाइल अडवणे, हे आम्हाला जन्मात जमले नसते.

तिसरी गोष्ट मुंबईच्या एका महाजनांनी फोनवर सांगितली. त्यांना आमच्या नावाने मेल आला होता, चांदीच्या प्रभावळीसाठी देणगी द्या म्हणून. पत्ता आमच्यासारखाच, मध्ये एक अक्षर जादा. त्यांना शंका आली म्हणून त्यांनी विचारले. मोफत सेवेवर कोणीही कसलेही नाव घेऊन खाते उघडू शकतो. मग खरे देवस्थान कोणते आणि खोटे कोणते, हे दूरच्या कुळाव्याने ओळखायचे कशावरून? आम्ही महाजनांना पत्रक पाठवले, की पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदतवाहिनीवर कळवा.

पर्याय आणि वाद

जत्रेआधीच बैठक झाली. देवस्थानच्या वतीने कारभार पाहणारे मुखत्यार जुन्या पद्धतीच्या बाजूने होते: पत्रे आपल्या संगणकात हवीत, परक्याच्या घरात नकोत. त्यांचे म्हणणे अगदी उडवून लावण्यासारखे नाही. जत्रेच्या दिवशी हजारो माणसे एका डोंगराच्या कुशीत जमतात, मोबाइलचा टॉवर मान टाकतो आणि वेबवरची खोल्यांची यादी उघडत नाही. हे आम्ही दरवर्षी भोगले आहे. पण २००८ ची डिस्कही त्यांना आठवत होती.

खजिनदारांचा प्रश्न सरळ होता. "फुकट मिळते त्याला पैसे कशाला मोजायचे? उद्या हिशेब तपासनीस विचारतील."

मी मांडलेला पर्याय असा: देवस्थानच्या नावाने स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारे नाव घ्यावे, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास. त्यावरचा ईमेल कुठल्याही सेवेकडे ठेवावा, गुगल, मायक्रोसॉफ्ट किंवा आपली चेन्नईची झोहो. एका खात्याला महिन्याला थोडेच पैसे पडतात. वापरायचे पूर्वीसारखेच, ब्राउझरमधून, फोनवरून. वेबचे फायदे सोडायचे नाहीत. बदलते एवढेच, की खात्याचा मालक देवस्थान असते. चिटणीस बदलले की अध्यक्ष नवा पासवर्ड लावू शकतात, आणि सेवा पटली नाही तर नाव तेच ठेवून दुसरीकडे जाता येते.

हे शेवटचे वाक्य कोणाच्या पटकन ध्यानात येईना. मग मी मंगेशाचे उदाहरण दिले. १५६० मध्ये पोर्तुगिजांच्या भयाने देव कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदी ओलांडून प्रियोळला आला. अंत्रूज महालातली, म्हणजे आपल्या फोंडा भागातली, कितीतरी दैवते अशीच स्थलांतर करून आली. जागा बदलली, पण कुळे आली, कारण नाव तेच राहिले. मोफत सेवेवरच्या पत्त्यात नावाचा अर्धा भाग कंपनीचा असतो. कंपनी सोडली की पत्ता सुटतो, आणि इतक्या वर्षांच्या पत्रिकांवर, पावत्यांवर, कॅलेंडरांवर छापलेला तो पत्ता मेलेला असतो. डोमेन म्हणजे देवाचे नाव, सेवा म्हणजे ठिकाण. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "हे आधी सांगायचे होतेस."

खजिनदारांना पैशांपेक्षा दुसऱ्या मुद्द्याने पटले. आमच्या दागिन्यांच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, दोघांकडे. एकट्याने ती उघडत नाही, आणि एक जण नसला तर त्याची किल्ली कोणाकडे द्यायची हे ठरलेले आहे. सोन्यासाठी एवढी काळजी घेणारी समिती, देणगीदारांची सगळी माहिती मात्र एका माणसाच्या डोक्यात आणि एका नंबरावर सोडून बसली होती. खजिनदार थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "करा."

काय केले

डोमेन देवस्थानच्या नावावर घेतले, दहा वर्षांसाठी एकदम पैसे भरले. विसरून नूतनीकरण राहिले तर नावच दुसरा कोणी उचलेल, ही भीती खरी आहे. दोन खाती उघडली, एक कार्यालयाचे, एक अध्यक्षांचे, सगळा कारभार पाहण्यासाठी. कोड एसएमएसऐवजी फोनवरच्या कोड देणाऱ्या ॲपवर घेतले, दोन माणसांच्या फोनवर. वेळप्रसंगी वापरायचे राखीव कोड कागदावर छापून पाकिटात घातले, पाकिटाला लाख लावली आणि ते दागिन्यांच्या तिजोरीत ठेवले.

मेल पाठवणारा खरा आहे की नाही, हे समोरच्या सर्व्हरला पडताळता यावे म्हणून डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लावल्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर या नोंदींची सक्तीच केली. आमची पत्रे थोडी, पण नोंदींमुळे आमचा पत्ता जसाच्या तसा वापरून खोटे पत्र धाडणे अवघड झाले. सारखा दिसणारा दुसरा पत्ता मात्र यानेही थांबत नाही. त्यासाठी पावतीवरच छापले आहे, की देवस्थान फक्त याच पत्त्यावरून लिहिते.

जुन्या खात्यातली सगळी पत्रे थंडरबर्ड या मोफत प्रोग्रॅमने उतरवून घेतली, आयमॅप पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरचीही तशीच राहतात. ती बाहेरच्या दोन डिस्कवर घातली. एक कार्यालयात, एक खजिनदारांच्या घरी. आता दर महिन्याच्या संकष्टीला ही प्रत ताजी होते. तारीख लक्षात राहायला संकष्टीइतके सोपे दुसरे काही नाही. मुखत्यारांचे म्हणणे असे अर्धे मान्य झाले आणि ते खूश आहेत. जत्रेच्या आदल्या रात्री खोल्यांची यादी कागदावर छापतो, ती अग्रशाळेच्या दाराशी ठेवतो.

आधार कार्डांच्या प्रती पुसल्या. त्यातच सर्वांत जास्त वेळ गेला, कारण एकेक पत्र उघडून बघावे लागले. वकिलांचा आणि मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, दाव्यांचा पत्रव्यवहार मात्र मुळातल्या स्वरूपात जपला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडायला प्रमाणपत्र लागते, आणि नुसती छापील प्रत ठेवून मूळ पुसून टाकले तर पंचाईत होते. आता खोली मागताना ओळखपत्र मेलवर मागवत नाही, आल्यावर दाखवा म्हणतो.

जुने खाते बंद केलेले नाही. त्यावर आलेले पत्र नव्या पत्त्यावर पुढे जाते आणि पाठवणाऱ्याला नवा पत्ता कळवणारे उत्तर आपोआप मिळते. दर पंधरवड्याला कोणीतरी ते उघडून बघतो, कारण मोफत खाते दीर्घकाळ न वापरल्यास सेवा ते पुसू शकते. गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलेली मुदत दोन वर्षांची आहे.

पुढची निवडणूक झाली आणि नवी समिती आली. ताब्यात देण्या-घेण्याच्या वहीत समया, अबदागिऱ्या, चांदीची ताटे यांच्या नोंदींनंतर या वेळी एक नवी ओळ होती: "ईमेल खाती दोन, डोमेन एक, राखीव कोडांचे लाखबंद पाकीट एक." नव्या चिटणीसांनी पाकिटावरची लाख तपासली आणि सही केली. कारवारच्या आणि बेळगावच्या काही जुन्या घरांतून अजूनही पहिल्याच पत्त्यावर पत्रे येतात, त्यांना नवा पत्ता पोस्टकार्डाने कळवायचे काम सध्या चालू आहे.